येथे रंग लावू नये

६ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

माझा फोन तुम्ही उचलणार नाही हे माहीत आहे, म्हणून कागद. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आईंकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तुम्ही पाकीट न फोडताच टोपलीत टाकलं असतं. आईंना सांगितलं, ऑफिसकडून तुमचे काही जुने कागद पाठवायचे आहेत. तसं ते अगदीच खोटं नाही.

आई बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतो आणि त्याही कुरकुरतात. दुपारी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने बाल्कनीत जाऊन तुमच्याशी फोनवर बोलतात, आणि सुनेला यातलं काही कळत नाही अशी त्यांची समजूत आहे. वर्षभरात इतकं पाणी घातलंय की दोन झाडं कुजली. तुमच्या भावालाही ठाऊक आहे. तीन वर्षांत त्याने तुमचं नाव तोंडातून काढलेलं नाही, पण चष्म्याचं दुकान बंद करून दुपारी एकला जेवायला यायचा तो हल्ली पावणेदोनला येतो, म्हणजे तोवर आईंचं बोलणं उरकलेलं असतं.

आता मुद्दा. तुम्ही ज्या तपासणी प्रयोगशाळेत अर्ज केलाय, त्यांचं पत्र आमच्या, म्हणजे तुमच्या जुन्या, कंपनीत आलंय. तुम्हाला मुख्य तपासनीस म्हणून घ्यायचा त्यांचा विचार आहे. पण तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या यंत्रांचा जो घोळ झाला, त्यात तुमची चूक नेमकी काय होती, ते त्यांना लेखी हवंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर गेलं नाही तर ते दुसरं माणूस घेणार. नोकरभरतीच्या बाईंनी ते पत्र सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "त्या तुमच्या नणंदच ना? आणि त्या यंत्रांचा कनेक्टरही तुमच्याच डिझाइनचा होता. मग तुम्हीच लिहा की दोन ओळी," म्हणाल्या आणि गेल्या.

तर मी चांगलंच लिहिणार आहे. माणसाच्या हातून एखादी चूक होते, एरवी यांच्याइतकी काटेकोर तपासनीस आम्ही पाहिलेली नाही, असं काहीतरी. तुम्ही काळजी करू नका. झालं गेलं विसरून जाऊ.

तुमच्या भावाची बायको


१५ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

माझं पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र, परत. तुम्ही ते नमुना तपासावा तसं तपासलंत. 'एखादी चूक' या शब्दांखाली लाल रेघ आणि समासात प्रश्न: कोणाची? 'विसरून जाऊ' खाली दुसरी रेघ आणि समासात: नाही. बाकी एक अक्षर नाही. मी वाचून आधी चिडले, मग ऑफिसच्या जिन्यात बसून हसले, आणि मग हसू राहिलं बाजूला. कंपनीत तुम्हाला सगळे मागून 'नकारघंटा' म्हणायचे, ते काही उगीच नाही.

कोणाची, ते लिहिते. दोघींनाही सगळं पाठ आहे, पण मी ते आजवर एकदाही पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही, आणि एकदा म्हणून बघायचंय.

रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या त्या यंत्रात खाटेजवळच्या डब्यातून मोठ्या पडद्याकडे एक वायर जायची. डब्याच्या मागच्या पत्र्याला एक खिडकी, तिच्यातून सर्किट बोर्डावरचा कनेक्टर बाहेर डोकावणार आणि वायर त्यात बसणार. कनेक्टरभोवती मी धातूचं कवच दिलं होतं. फोनच्या, वॉकीटॉकीच्या लहरी त्या कवचाने अंगावर घ्यायच्या आणि मागच्या पत्र्यातून अर्थिंगला सोडून द्यायच्या, वायरमधल्या ठोक्यांपर्यंत पोचू द्यायच्या नाहीत. त्यासाठी कवचाला स्प्रिंगची आठ बोटं होती. ती खिडकीच्या कडेला उघड्या धातूवर टेकायची. धातूला धातू लागला तरच या सगळ्याला अर्थ. म्हणून ड्रॉइंगमध्ये खिडकीभोवती तिरप्या रेघांचा पट्टा होता आणि बाजूला माझ्याच हाताची सूचना: येथे रंग लावू नये. तुम्ही तपासलंत आणि पास केलंत ते हे. आवृत्ती दोन.

अकरा दिवसांनी मी तो पट्टा आणि ती सूचना पुसली.

रंगवाल्या कारखान्याची तक्रार होती की प्रत्येक खिडकीभोवती चिकटपट्टी लावायची, रंगवायचं आणि पट्टी काढायची, यात दिवस जातो. वर आमचे विक्रीचे साहेब, ते चकाचकसाहेब, उघडा धातू दिसला की नाक मुरडायचे. मला वाटलं, स्प्रिंगची बोटं रंग खरवडून आत पोचतील. दहा मिनिटांचं काम होतं. आवृत्तीचा आकडा बदलला असता तर नमुना नियमाप्रमाणे परत तुमच्याकडे आला असता, तीन आठवडे गेले असते. मी आकडा तसाच ठेवला. तुम्ही तपासली तीही आवृत्ती दोन, हॉस्पिटलांत गेली तीही आवृत्ती दोन. आमच्याकडे बारीकसारीक बदल सगळेच असे करायचे, हे तुम्ही जाणता.

तो रंग भट्टीत भाजलेला. बोटं त्याच्यावरून नुसती घसरली. अर्थिंग नाही म्हटल्यावर कवचच लहरी गोळा करून आत द्यायला लागलं. कोणी फोन घेऊन खाटेजवळ आलं की पडद्यावर ठोके दुप्पट. एका म्हाताऱ्या बाईंना नको ते इंजेक्शन द्यायला निघाले होते. नर्सने सवयीने मनगट धरून नाडी मोजली, म्हणून वाचल्या.

चौकशीत तुम्ही म्हणालात, "मी उघड्या धातूचा पत्रा तपासला, रंगवलेला नाही. नंतर कोणीतरी ड्रॉइंग बदललंय." त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "आवृत्ती दोनच आहे, दोन्हीकडे बघा." त्यांनी बघितलं. सही तुमची होती.

घाईत झालं, ताई. त्या महिन्यात कामाचा फार रेटा होता.


१९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुमच्या लाल पेनाची वाट न बघता लिहितेय. परवाच्या पत्रात 'घाईत झालं' लिहिलं, ते खोटं आहे.

त्याच महिन्यात तुम्ही माझं काम दोनदा परत पाठवलं होतंत. एकदा बोटं सहा होती ती आठ करायला लावलीत, एकदा कवचाचे पाय बोर्डाला चारही कोपऱ्यांत शिशाने डाखायला लावलेत. दोन्ही वेळा तुमचंच बरोबर होतं. पण दोन्ही वेळा तुम्ही ते सगळ्यांच्या बैठकीत सांगितलंत. मग जेवायच्या सुट्टीत चकाचकसाहेब म्हणाले, "डबा उघडायच्या आधी नणंदेची परवानगी घेतलीत ना?" सगळे हसले, मीही हसले. आणि त्या दुपारी रंगवाल्याचा फोन आला.

मला तेव्हा एवढंच हवं होतं की एक गोष्ट, एकच, तुमच्या टेबलावरून न जाता बाहेर पडावी. लहानशी. तुम्हाला कधी कळणारही नाही अशी. आकडा मी घाईत विसरले नाही. आकड्यावर बोट ठेवून मिनिटभर बसले होते आणि मग तो तसाच ठेवला.

आणि तुम्हीच मला या घरात आणलंत. माझ्यासारखी मुलगी भावाला मिळायला हवी, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात, तेव्हा तुमची-माझी टेबलं शेजारी होती. तोच भाऊ चौकशीच्या त्या संध्याकाळी तुम्हाला म्हणाला, "स्वतःच्या चुकीचं खापर माझ्या बायकोच्या डोक्यावर फोडतेस? लाज वाटत नाही?" तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते, माझ्याकडे बघत राहिलात. बराच वेळ. मी गॅस बंद करायला वळले. गॅस चालू नव्हता.

मला तुमची फार आठवण येते. हे लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहिलं.

उत्तराला नऊ दिवस उरलेत. नोकरभरतीच्या बाई रोज आठवण करतात. मी दोन मसुदे केले, दोन्ही गोडगोड. दोन्ही फाडले.


२४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुमच्या भावाला सांगितलं. बुधवारी, सकाळच्या चहाच्या वेळी. आई समोरच होत्या. त्यांच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं, नाहीतर त्यांच्यापुरती वेगळी, जरा मऊ केलेली हकिकत तयार झाली असती.

तुम्हाला पाठवलेली तिन्ही पत्रं मी आधी कागदावर कच्ची लिहून काढली होती. ती त्याच्या हातात दिली. तो चष्मेवाला, डोळ्यांपासून नेमक्या अंतरावर कागद धरून वाचतो. शेवटपर्यंत वाचलं, पहिलं पान परत काढलं, परत वाचलं. मला वाटलं, आता आवाज चढवेल. चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने एकच विचारलं.

"मी तिला बोलत होतो तेव्हा तू दारात होतीस?"

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"हो."

"आणि नंतर मला चहा दिलास."

तो उठला आणि दुकानात गेला. साडेसात वाजले होते, दुकान दहाला उघडतं.

आई म्हणाल्या, "माझी पोरगी मला सांगत होती. फोनवर. पहिल्या दिवसापासून." मी विचारलं, मग तुम्ही मला कधी काही बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुला बोलले असते तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला तुमच्यातली एक खोटी ठरवावी लागली असती. दोघींपैकी कोण टाकू मी?" असं म्हणून पदराने टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं. तीन वर्षं ही बाई माझ्या हातचं जेवली, माझ्या माहेरच्यांची चौकशी करत राहिली, आणि सगळं माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो आता माझ्याशी दूध, वीजबिल आणि किल्ल्या एवढ्यावरच बोलतो. समोरच्या खोलीत झोपतो. मी काही मागायच्या स्थितीत नाही. सोमवारी मोठ्या साहेबांना सांगणार आहे. संगणकावर जुन्या फायली तारखेनिशी पडून आहेत, त्यांना हात लावलेला नाही. त्या मी केव्हाही उडवू शकले असते. का नाही उडवल्या, असं तुम्ही विचाराल. खरंच माहीत नाही.


२ मार्च, गुरुवार

ताई,

झालं.

सोमवारी मोठ्या साहेबांसमोर दोन्ही ड्रॉइंग छापून शेजारी शेजारी ठेवली. एकावर पट्टा आहे, एकावर नाही. दोन्हीवर आकडा दोन. त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं. पहिला प्रश्न म्हणे, "हे आणखी कोणाला दाखवलंत?" म्हटलं, घरी. दुसरा प्रश्न, "आता तीन वर्षांनी हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?" म्हटलं, एका बाईचं. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला. यंत्रं केव्हाच परत घेऊन बदलून दिली, प्रकरण मिटलं, तुमच्या नणंदेला हवी तशी छान शिफारस देऊ, कंपनीच्या नावाने देऊ, माझी सही देतो. ताई, मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मोह झाला. सगळ्यांचं भागलं असतं. मग समासातला तुमचा 'नाही' डोळ्यांसमोर आला.

मी सांगितलं की प्रयोगशाळेला उत्तर मी लिहिलंय आणि ते उद्या जाणार, कंपनीच्या कागदावर नाही गेलं तर माझ्या. त्यांनी दुपारभर वकिलाशी बोलून शेवटी कंपनीच्या कागदावर जाऊ दिलं. वकील शहाणा निघाला, नाहीतर आमचे साहेब कसले ऐकतात. चौकशी पुन्हा उघडताहेत आणि हॉस्पिटलांनाही कळवताहेत. मंगळवारी गेलेलं उत्तर असं आहे. तुम्हाला तपासता यावं म्हणून शब्द न शब्द उतरवतेय:

'आपण विचारलेल्या प्रकरणात तपासनीसबाईंची कोणतीही चूक नव्हती. त्यांनी पास केलेल्या नमुन्यात कनेक्टरच्या कवचाला उघड्या धातूवर अर्थिंग मिळत होतं. तपासणीनंतर ती जागा रंगवण्याचा बदल मी केला, आवृत्तीचा आकडा मुद्दाम बदलला नाही आणि बदल त्यांच्यापासून लपवला. चौकशीत त्यांनी खरं सांगितलं, मी नाही. दोन्ही ड्रॉइंग सोबत जोडली आहेत.' खाली माझी सही.

माझा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतलाय. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेली मुलगी आता माझी ड्रॉइंग तपासणार. ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त अवघडलीय, मला अजून 'मॅडम, बसू का' विचारते. कामावरून काढतील असं मला वाटलं होतं, अजूनही काढतील, चौकशी संपू दे.

तुमचा भाऊ आज सकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघालाय. मला त्याने नाही सांगितलं, आईंनी सांगितलं. जाताना त्याने दुकानाच्या दारावर 'दोन दिवस बंद' अशी चिठ्ठी लावली. आईंच्या मते लग्नानंतर पहिल्यांदाच. तो दारात उभा राहील आणि त्याला काही बोलता येणार नाही. तो तसाच आहे. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका. त्याला जे दिसलं, ते मी दाखवलं होतं.


१३ जून, मंगळवार

ताई,

मार्चनंतर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते लिहून झालं होतं आणि उरलेली नुसती रड होती. तुम्हाला ती जागा मिळाल्याचं आईंकडून कळलं. आता त्या बाल्कनीत जात नाहीत, दिवाणखान्यातच बसून तुमच्याशी मोठमोठ्याने बोलतात, माझ्या देखत. झाडं सुकायला लागलीत, मी पाणी घालते.

तुमचा भाऊ तुमच्याकडून आला तेव्हा डोळे सुजलेले होते. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अजून समोरच्या खोलीतच झोपतो. पण गेल्या आठवड्यात माझा चष्मा सैल झालेला बघून हात पुढे केला, स्क्रू आवळून दिला. तेवढ्यावर मी आठवडा काढला.

चौकशी संपली. नोकरी राहिली. यंत्राचं नवं मॉडेल येतंय आणि त्याचा कनेक्टर माझ्याकडेच दिलाय, त्या मुलीच्या सहीखाली. बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणायची अट आहे आणि शंभर कोसांत लहरींची अशी तपासणी करायची खोली फक्त तुमच्याकडे आहे. आपलं नातं मी दोन्हीकडे लेखी कळवलं. तुमच्याकडून उत्तर आलं की दुसऱ्या तपासनीसाचीही सही राहील, नमुना पाठवा. मग पाठवला. आवृत्ती तीन. खिडकीभोवतीचा पट्टा ड्रॉइंगमध्ये बोटभर रुंद, सूचना दुप्पट मोठ्या अक्षरात. दीड महिना त्याच्यावर घासलाय. मनात म्हटलं, या वेळी बोट ठेवायला जागा नाही.

आज अहवाल आला. नापास.

अकरा पानं. आठातली दोन बोटं पत्र्याला टेकतच नाहीत, खिडकी अर्ध्या मिलिमीटरने तिरकी कापली जाते म्हणून. कवचाचा मागचा पाय डाखताना शिसं खाली पुरतं उतरत नाही. आणि वायर वीस वेळा काढून घातल्यावर एक बोट वाकतं. प्रत्येक मुद्द्याला फोटो आणि मोजमाप. मी तणतणत खाली वर्कशॉपमध्ये आमच्याकडच्या दुसऱ्या नमुन्याकडे गेले, म्हटलं हिचा जुना राग आहे, दुसरं काय. कागदाची पट्टी घेतली आणि बोट आणि पत्रा यांच्यामधून सरकवून बघितली. दोन ठिकाणी आरपार गेली. वायर मोजून वीस वेळा काढली आणि घातली. विसाव्या वेळी नाही, सतराव्या वेळीच बोट वाकलं.

मग तिथेच खुर्चीत बसून मी रडले. ती सही करणारी मुलगी घाबरून पाणी घेऊन आली, म्हणाली, "मॅडम, नापासच तर झालंय, होतं असं." तिला कसं सांगणार? महिनाभर मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की तुम्ही ते पास कराल. नात्याकडे बघून, किंवा कंटाळून, किंवा मला एकदाचं उरकून टाकायला. ज्या माणसाला आपण मनातून काढून टाकलेलं असतं, त्याच्यासाठी कोणी अकरा पानं लिहीत नाही.

तिन्ही दुरुस्त्या आजच सुरू केल्यात. आकडा आधी बदलला, मग रेघ ओढली. आवृत्ती चार सोमवारी तयार होईल. कुरिअरने न पाठवता मी स्वतः घेऊन येते, मंगळवारी सकाळी. वर यायला सांगू नका, मनात नसेल तर. मी नमुना खाली नमुने घ्यायच्या खिडकीवर देईन, पावती घेईन आणि परतीच्या गाडीने निघेन.

आणि तोही नापास झाला तर खुशाल परत पाठवा. मी आवृत्ती पाच घेऊन येईन.